नाव नाशिकचं, सामने गहुंज्याला

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

पत्र लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो. जागा नसेल तर मधलं खुशाल कापा, पण टोपीचं तेवढं ठेवा. ते शेवटी येईल.

गेल्या महिन्यात २३ जानेवारीपासून गोल्फ क्लबवर महाराष्ट्र आणि बडोदा यांचा रणजी सामना झाला. मैदानाचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. नाशिकच्या माणसाने ते नाव घ्यायलाच पाहिजे, पण रिक्षावाल्याला ‘कान्हेरे मैदान’ म्हटलं तर तो दोनदा विचारतो आणि ‘गोल्फ क्लब’ म्हटलं की लगेच किक मारतो. असो. मी दोन दिवस गेलो. बरोबर कंपनीतला जुना जोडीदार होता. सकाळी थंडी अशी, की स्कूटरवर मागे बसून तो सारखा माझ्या पाठीआड तोंड लपवत होता. पोचलो तेव्हा नेहमीची चालणारी मंडळी कानटोप्या घालून फेऱ्या मारत होती आणि आत पंच यष्ट्यांवर बेल्स ठेवत होते. त्रिंबक रोडची वाहनं एका बाजूला आणि कसोटीसारखं लाल चेंडूचं क्रिकेट दुसऱ्या बाजूला. अर्ध्या तासात गर्दी वाढली. शाळा बुडवून आलेली पोरं, कॉलेजची पोरं, आमच्यासारखे पेन्शनर, आणि मुलाला खांद्यावर घेतलेला एक बाप. तो दर षटकाला मुलाला सांगत होता, “तो बघ ऋतुराज.” ऋतुराज गायकवाड तेव्हा पव्हेलियनमध्ये पाणी पीत होता, पण पोरगं मान डोलावत होतं.

सामन्याचं काय झालं ते वाचकांना माहीत असेल, तरी मला लिहायला बरं वाटतं म्हणून लिहितो. महाराष्ट्र पहिल्या डावात २९७. बडोदा १४५. दुसऱ्या डावात आपण ७ बाद ४६४ वर डाव सोडला. त्यात ऋतुराजच्या ८९ आणि सौरभ नवलेच्या नाबाद १२६. बडोदा पुन्हा १७७ मध्ये गुंडाळले गेले आणि आपण ४३९ धावांनी जिंकलो. मी स्वतः यष्टिरक्षक. सातपूरच्या कारखान्यात एकतीस वर्षं फिटर होतो आणि त्यातली वीस वर्षं कंपनीच्या संघात मॅटिंगवर किपिंग केलं. उजव्या हाताची करंगळी अजून वाकडी आहे, चहाचा कप धरला की ती आपोआप बाजूला राहते आणि लोकांना वाटतं हा माणूस फार सभ्य आहे. त्यामुळे नवलेसारखा किपर शतक करतो तेव्हा मला दुप्पट आनंद होतो. किपरने केलेल्या धावा लोकांच्या लक्षात राहत नाहीत, सुटलेले झेल मात्र राहतात.

त्याच दिवसांत मुंबईत बीकेसीला रोहित शर्मा रणजी खेळला, मुंबई जम्मू-काश्मीरकडून हरली, आणि पुढच्याच आठवड्यात दिल्लीला कोहलीला बघायला हजारो लोक लोटले. वाहिन्यांवर तेवढंच दिसलं. आमच्या गोल्फ क्लबची गर्दी कुणाला दिसली नाही. ठीक आहे, आमच्याकडे कोहली नव्हता. पण मी हे लिहितोय ते एवढ्यासाठी, की ‘नाशिकला प्रेक्षक येत नाहीत’ असं यापुढे मला कुणी सांगू नये. कामाच्या दिवशी, चार दिवसांच्या सामन्याला, निकाल एकतर्फी होणार हे दिसत असताना माणसं उन्हात बसून होती. बसायला धड पायऱ्या नाहीत, सावली मांडवापुरती, तरी बसून होती.

आता मुद्द्यावर येतो.

नाशिकचा एक व्यावसायिक क्रिकेट संघ आहे. हे वाक्य वाचून निम्म्या वाचकांनी भुवया उंचावल्या असतील, तर माझं दुखणं तेच आहे. जून २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली. त्यात सहा संघ : पुणेरी बाप्पा, कोल्हापूर टस्कर्स, रत्नागिरी जेट्स, सोलापूर रॉयल्स, छत्रपती संभाजी किंग्ज आणि आपला ईगल नाशिक टायटन्स. संघाची बोली लागली, आयकॉन खेळाडू म्हणून राहुल त्रिपाठी आला. मला आनंद झाला. त्रिपाठीला मी २०१७ पासून ओळखतो, म्हणजे तो मला ओळखत नाही, मी त्याला ओळखतो. आयपीएलमध्ये रायझिंग पुणे सुपरजायंटकडून सलामीला येऊन तो ज्या बेफिकिरीने मारायचा, त्यावर मी फिदा होतो. त्या संघाचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मुंबईविरुद्ध अंतिम सामना एका धावेने हरले आणि मग संघच उरला नाही, कारण तो दोन वर्षांच्या करारावरच आणलेला होता. त्याआधी पुणे वॉरियर्स होते, तेही तीन मोसमांत गाशा गुंडाळून गेले. आणि २०१६ साली दुष्काळामुळे न्यायालयाने महिनाअखेरीनंतरचे सामने राज्याबाहेर हलवायला लावले, तेव्हा पुण्याचा संघ ‘घरचे’ सामने विशाखापट्टणमला खेळला. पाण्याचा प्रश्न होता, न्यायालयाचं बरोबर होतं, आमच्याच मराठवाड्यात माणसं टँकरच्या रांगेत होती. त्याबद्दल तक्रार नाही. सांगायचं एवढंच, की आम्ही नाशिककर आयुष्यभर दुसऱ्याच्या दारात उभं राहून टाळ्या वाजवत आलो. कधी मुंबई आपली म्हणायची, कधी पुणे आपलं म्हणायचं. पहिल्यांदा नावात ‘नाशिक’ आलं म्हटल्यावर माणूस हुरळणारच.

मग कळलं की सगळ्या संघांचे सगळे सामने गहुंज्याला.

गहुंजे म्हणजे पुण्याचं क्रिकेट स्टेडियम, पुणे-मुंबई द्रुतगती मार्गालगत. इथून सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, राजगुरुनगर, चाकण, मग तळेगावकडे वळायचं. दोनशे किलोमीटरच्या वर. रेल्वेने जावं म्हटलं तर नाशिक-पुणे थेट लोहमार्ग नाही, एक तर मनमाड-दौंडवरून फिरून जा नाहीतर कल्याणला उतरून गाडी बदला. त्या लोहमार्गाच्या घोषणा ऐकत माझे केस पांढरे झाले, तो विषय तुमच्या दुसऱ्या पानाचा आहे, मी त्यात शिरत नाही. चाकणच्या चौकात मात्र प्रत्येक नाशिककराने आयुष्याचा काही भाग घालवलेला असतो.

तरी मी गेलो. २०२३ च्या पहिल्याच मोसमात, १९ जूनला, नाशिक विरुद्ध पुणेरी बाप्पा. भाच्याने गाडी काढली. त्या सामन्याचं वर्णन मी आमच्या कट्ट्यावर इतक्या वेळा केलंय, की आता मी तोंड उघडलं की लोक चपला घालतात. अर्शीन कुलकर्णी नावाचं कोवळं पोरगं. ५४ चेंडूंत ११७, तेरा षटकार! चौकार किती? तीन. म्हणजे जमिनीवरून चेंडू मारणं त्याला बहुधा अपमान वाटत होता. आपण २०३ केल्या. मग समोर ऋतुराज, आणि सगळं स्टेडियम ऋतुराजचं. स्टेडियम पुण्याचं, कप्तान पुण्याचा, प्रेक्षक पुण्याचे. आमच्या ओळीत नाशिकच्या बाजूने ओरडणारे आम्ही दोघेच, आणि त्यातला भाचा चिंचवडला नोकरीला, म्हणजे अर्धाच नाशिकचा. अर्शीनने मग गोलंदाजीतही चार बळी काढले आणि पुणे २०२ वर थांबलं. एका धावेने जिंकलो! २०१७ ला एका धावेने गेलेलं सहा वर्षांनी एका धावेने परत आलं असं मला वाटलं. मी खुर्चीवर उभा राहिलो तर मागच्या पुणेकराने शांतपणे सांगितलं, “काका, बसून आनंद व्यक्त करा.”

दारावरचा किस्सा राहिला. आत जाताना सुरक्षारक्षकाने विचारलं, “नाशिकहून आलात? कुणाचे वडील तुम्ही?” मी म्हटलं, कुणाचाच नाही. त्याला ते पटेना. नाशिकच्या संघासाठी नाशिकहून कुणी येतं, म्हणजे तो खेळाडूचा बापच असणार, दुसरं कारण त्याला सुचेना. मला तेव्हा हसू आलं. आता आठवलं की येत नाही.

पुढच्या वर्षी, जून २०२४ मध्ये, आपला संघ अंतिम सामन्यात गेला. लक्षात घ्या, नाशिक राज्याच्या लीगच्या अंतिम सामन्यात! त्या दिवशी मी मुद्दाम सिडकोत, त्रिमूर्ती चौकाजवळच्या आमच्या नेहमीच्या टपरीवर जाऊन बसलो. एकट्याने बघण्यात मजा नाही. मोबाइलवर सामना लावला, साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. टपरीवाल्याने डोकावून विचारलं, “टायटन्स म्हणजे गुजरातचे ना भो?” मी म्हटलं, नाशिकचे. तो म्हणाला, “आपली टीम आहे? कधीपासून?” तिथे बसलेल्या आठ जणांत एकालाही माहीत नव्हतं. आपण रत्नागिरीकडून हरलो, त्यांचा हा सलग दुसरा चषक. मी मोबाइल खिशात टाकला आणि टपरीवाल्याने सांत्वन म्हणून अर्धा कटिंग जास्त दिला. त्याच महिन्याच्या शेवटी भारत बार्बाडोसला विश्वचषक जिंकला तेव्हा आमच्या गल्लीत मध्यरात्रीनंतरही फटाके वाजत होते. म्हणजे उत्साह नाही असं नाही. उत्साह आहे, पण आपल्याच संघाची ओळख कुणी करून दिलेली नाही.

आणि हरलो ते कुणाकडून? रत्नागिरीच्या संघात तेव्हा सत्यजित बच्छाव होता. नाशिकचा सत्यजित. वर्षानुवर्षे महाराष्ट्रासाठी डावखुरी फिरकी टाकणारा, याच गोल्फ क्लबवर घाम गाळलेला. तो रत्नागिरीकडून, आणि नाशिककडून कोण? त्रिपाठी पुण्याचा, अर्शीन सोलापूरचा. लिलावात हे होतंच, मला व्यवहार कळतो, चेन्नईकडून खेळणारे सगळे चेन्नईचे नसतात. अर्शीनवर माझं पोटच्या पोराइतकं प्रेम आहे, तो कुठलाही असो. पण चेन्नईवाले निदान चेन्नईत येऊन खेळतात ना! आमच्याकडे खेळाडूही बाहेरचे आणि मैदानही बाहेरचं, मग नाशिकचं त्यात काय आहे? जर्सीवरची तीन अक्षरं.

उलट्या बाजूने बघा. नाशिकची माणसं कुठे कुठे आहेत? रामकृष्ण घोष नाशिकचा. विजय हजारे करंडकात एका सामन्यात ४२ धावांत ७ बळी घेतले, आयपीएलच्या नोव्हेंबरच्या लिलावात चेन्नईने त्याला ३० लाखांना घेतलं. कबड्डीतला आकाश शिंदे नाशिकचा, तेव्हाचा पुणेरी पलटणचा चढाईपटू, आशियाई सुवर्णपदक विजेत्या संघात होता. गेल्या मार्चमध्ये पलटण प्रो कबड्डीची विजेती झाली तेव्हा पुण्यात जल्लोष झाला, आकाश त्यात होता, नाशिक नव्हतं. विदित गुजराथी तर बुद्धिबळ ऑलिंपियाडचं सुवर्ण घेऊन आला. ग्लोबल चेस लीगमध्ये २०२४ ला तो कुणाकडून खेळला? मुंबा मास्टर्स. विदितची पहिली चाल नाशिकमध्ये शिकली गेली आणि पाटी मुंबईची. म्हणजे आमची माणसं दुसऱ्यांच्या नावाने खेळतात आणि दुसऱ्यांची माणसं आमच्या नावाने. देवाणघेवाण म्हणायला हरकत नाही, पण आमच्या पदरात काय पडलं ते कुणीतरी दाखवावं.

(एकेकट्याने खेळायच्या खेळात मात्र नाशिकला कुणाच्या नावाची गरज पडली नाही. सावरपाड्याची कविता राऊत दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावून कांस्य घेऊन आली, चांदवडकडच्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ रिओ ऑलिंपिकला एकट्याने नाव वल्हवत तेरावा आला. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात विहिरींना तळ दिसतो, तिथला पोरगा नौकानयनात. संघ काढायचा म्हटला की मात्र आपलं घोडं अडतं.)

नावाबद्दलही एकदा मनातलं बोलून घेतो. टायटन्स! नातू विचारतो, आजोबा टायटन म्हणजे काय? मला काय माहीत. ग्रीकांचे कुणी राक्षस होते म्हणे. आपल्याकडे राक्षसांना काय तोटा आहे? पंचवटीत शूर्पणखेचं नाक कापलं गेलं म्हणून गावाला नाशिक म्हणतात अशी कथा लहानपणापासून ऐकतो आहोत. आणि ज्यांना लढाऊ नावच पाहिजे त्यांनी दिंडोरी रस्त्यावर जाऊन रामशेज बघावा. तो छोटासा किल्ला मोगलांच्या फौजांना वर्षानुवर्षे मिळाला नाही. पुणेकरांनी बघा, ‘पुणेरी बाप्पा’ ठेवलं. पुणेकरांचं कौतुक करण्याची मला सवय नाही, पण नाव ऐकताच संघ कुठला ते कळतं. आमचं नाव ऐकलं की टपरीवाल्याला अहमदाबाद आठवतं.

आता कुणी म्हणेल, काका, सामने एका ठिकाणी का घेतात ते समजून घ्या. एका माहितगार गृहस्थांनी मला हे समजावलंही. कॅमेरे एकदाच लावावे लागतात, प्रकाशझोत तिथे तयार आहेत, खेळाडूंचा प्रवास वाचतो, हॉटेल एकच. मी फिटर माणूस आहे, मला हे लगेच पटलं. एकाच मशीनवर सेटिंग न बदलता सगळा लॉट काढला की जॉब स्वस्त पडतो. पण मग साहेब, एकाच मशीनवर निघालेल्या जॉबवर सहा गावांची नावं कशाला कोरता? लिहा की ‘गहुंजे अ’, ‘गहुंजे ब’. स्पर्धा तशीही चांगलीच होईल, पोरं उत्तम खेळतात. नावं गावांची घ्यायची, गावांच्या अभिमानावर जाहिराती करायच्या आणि गावात पाऊल टाकायचं नाही, हे काही बरं नाही. ही तक्रार एकट्या नाशिकची नाही. कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी, संभाजीनगर सगळ्यांची आहे. पाच पाहुणे आणि एक यजमान अशी ही पंगत आहे, आणि यजमानाला दर वेळी घरचं ताट.

जूनमध्ये नाशिकला पाऊस असतो, हेही त्या गृहस्थांनी सांगितलं. पाऊस गहुंज्याला सुट्टी घेतो का? पहिल्या मोसमाचा अंतिम सामना पावसानेच खाल्ला. राखीव दिवशीही तो पूर्ण झाला नाही आणि साखळीत वर होते म्हणून रत्नागिरीला चषक द्यावा लागला. हॉटेलांचं म्हणाल तर गंगापूर धरणाकडे द्राक्षमळ्यांच्या मधोमध हॉटेलं उभी आहेत, मुंबईची माणसं शनिवार-रविवार तिथे येऊन राहतात. रणजीचे दोन संघ, पंच, सामनाधिकारी चार दिवस याच शहरात राहिले, जेवले आणि खेळले. कुणी उपाशी झोपल्याचं ऐकलं नाही. प्रकाशझोतांची अडचण असेल तर दुपारी खेळवा. आम्ही उन्हात बसायला तयार आहोत, जानेवारीत बसलोच होतो, जूनमध्ये टोपी घालून बसू.

नाशिकच्या कारभाऱ्यांनाही मी मोकळं सोडत नाही. हे शहर सिंहस्थासाठी काय काय उभं करतं ते आपण दर बारा वर्षांनी बघतो, आणि २०२७ ची तयारी सुरू झालेलीच आहे. घाट होतील, रस्ते होतील, पूल होतील. व्हायलाच पाहिजेत. पण बारा वर्षांत एकदा येणाऱ्या पाहुण्यांसाठी जेवढा विचार होतो, त्याचा शंभरावा भाग रोज संध्याकाळी मैदानावर येणाऱ्या घरच्या पोरांसाठी झाला असता, तर बसायला धड पायऱ्या तरी असत्या. गोल्फ क्लब हे एकच मैदान : सकाळी चालणाऱ्यांचं, दिवसा क्रिकेटचं, अधूनमधून सभांचं. कुठली सभा ते मी सांगत नाही, सगळ्यांच्याच होतात. सभेनंतर मैदानात खिळे सापडतात. किपरला गुडघे टेकावे लागतात हो, त्याला विचारा खिळा म्हणजे काय.

महाराष्ट्राच्या रणजी संघाबद्दल बोलत नव्हतो, पण ते तरी का सोडू? १९४०-४१ साली आपण शेवटचा रणजी करंडक जिंकलो. माझे वडील तेव्हा लंगोटीत होते. त्यानंतर विदर्भाने लागोपाठ दोनदा जिंकून दाखवला, मुंबईचं तर विचारूच नका. २०१३-१४ ला आपण अंतिम सामन्यात गेलो होतो, केदार जाधवने त्या मोसमात बाराशेवर धावा केल्या आणि हैदराबादला कर्नाटकाने हरवलं. माझ्या अख्ख्या आयुष्यात एकही करंडक नाही. तरी मी गोल्फ क्लबवर गेलो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा जाईन, कारण तो संघ निदान दारापर्यंत येतो. हरो, जिंको, मला त्याचा घाम दिसतो. सीमारेषेजवळचा क्षेत्ररक्षक वळून पोरांकडे बघून हसतो. टायटन्सचा क्षेत्ररक्षक माझ्याकडे बघून हसायला मला चाकण ओलांडावं लागतं.

मागणं फार नाही. येत्या मोसमात नाशिकचा एक साखळी सामना नाशिकला व्हावा, एकच, दुपारचा चालेल. ते जमत नसेल तर मे महिन्यात दोन दिवस संघाचा सराव तरी गोल्फ क्लबवर ठेवावा. सिडको, सातपूर, पंचवटी, नाशिकरोडची पोरं बघायला येतील, याची हमी मी देतो. त्यातली चार पोरं तरी अर्शीनसारखा पाय काढून मारायचा प्रयत्न करत घरी जातील आणि काच फोडतील. काचेचे पैसे मी भरीन. मालकांना नाशिकच्या खेळाडूंवर लिलावात दोन पैसे जास्त लावता आले तर लावावेत. सत्यजितला परत आणा एवढं मी स्पष्टच म्हणतो. आणि टोप्या विकाव्यात.

हां, टोपी. २०२३ ला गहुंज्याला जायच्या आदल्या दिवशी मी मेन रोड, शालिमार, एम. जी. रोड पालथा घातला. खेळाच्या दुकानांत चेन्नईची पिवळी टोपी होती, मुंबईची निळी होती, बंगळुरूची लाल होती. नाशिकची नव्हती. एका दुकानदाराने तर ‘नाशिक ढोलची टोपी का?’ असं विचारलं. शेवटी साधी पांढरी टोपी घेतली आणि शाळेच्या गणवेशावर बिल्ले शिवून देणाऱ्या एका शिंप्याकडून तिच्यावर निळ्या धाग्याने ‘नाशिक’ भरून घेतलं. ऐंशी रुपये. ‘शि’ची वेलांटी जरा मोठी झाली आहे. तीच टोपी बघून त्या सुरक्षारक्षकाने मला कुणाचा तरी बाप ठरवलं होतं. सौ. म्हणते, आता ही टोपी धुवायला तरी टाका. मी टाकत नाही, ती एका धावेने जिंकलेली टोपी आहे.

जानेवारीत रणजीला मी तीच घालून गेलो. जेवणाच्या वेळेला दहा-अकरा वर्षांचा एक पोरगा बराच वेळ माझ्या डोक्याकडे बघत उभा होता. हातात प्लास्टिकची बॅट, पायात शाळेचे बूट. मला वाटलं काहीतरी चिकटलंय. मग जवळ येऊन म्हणाला, “आजोबा, ही टोपी कुठं मिळते?”

मी त्याला त्या शिंप्याचा पत्ता दिला. सोमवारी दुकान बंद असतं, हेही सांगितलं.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त फिटर,
पवननगर, सिडको, नाशिक
३ फेब्रुवारी २०२५

(नाव छापू नये. भाच्याचे साहेब पुणेकर आहेत.)